कुलूपवाल्याची गोगलगाय

कुलूपवाल्याचा जगात कशावरही विश्वास नव्हता, आणि त्यात त्याची फार चूक होती असंही नाही. उभा जन्म लोकांची अडकलेली दारं उघडून देण्यात गेलेला. उघडत नाही असं कुलूप अजून जन्माला यायचंय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? स्वतःच्या घराचं दार लावलं की तो ओढून बघायचा, चार पावलं जाऊन परत यायचा आणि पुन्हा ओढायचा. गल्ली त्याला शंकासुर म्हणे. बायको काहीच म्हणत नसे, चपला घालून जिन्यात वाट बघत उभी राहायची.

त्यांना एकच मुलगी. सांगितलेलं डोक्यात उतरायला तिला वेळ लागे, पण एकदा उतरलं की दगडावरची रेघ. बाप लाडाने तिला गोगलगाय म्हणायचा. अशा मुलांच्या वेगळ्या शाळेत तिचं छान चाललं होतं. मग ती अठराची झाली आणि शाळेने टाळ्या वाजवून तिला निरोप दिला. टाळ्या थांबल्यावर पुढे काय, ते मात्र कुणी सांगेना. ज्याला विचारावं तो म्हणे, "बघू." पोरगी रोज सकाळी दप्तर पाठीला लावून खिडकीत उभी. शाळेची गाडी खालून न थांबता निघून गेली की म्हणायची, "विसरले मला." बापाला ते ऐकवत नसे. तो हातात येईल त्या कुलपाला उगाच तेल घालत बसायचा.

अशात एक दिवस पलीकडच्या रस्त्यावरच्या लॉन्ड्रीची मालकीणबाई जादा किल्ली करून घ्यायला दुकानात आली. कोपऱ्यात बसून पोरगी हात पुसायच्या फडक्यांच्या घड्या घालत होती, टोकाला टोक जुळवून. बाई बघत राहिली आणि म्हणाली, "हिला उद्यापासून पाठवा माझ्याकडे. पगार देईन."

शिकल्यासवरल्या लोकांनी जिला 'बघू'वर टांगलं, तिला ही बाई पगार देऊन नेणार? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. पण बायको म्हणाली, "पाठवायचं," आणि विषय संपला.

मग त्याने पोरीकडून एक धडा घोटून घेतला. "कुणी लांबून टक लावून बघत असेल तर काय करायचं?"

"मालकीणबाईंना सांगायचं."

"आणि ओळखीचा असला तर?"

"तरी सांगायचं."

पहिल्या संध्याकाळी त्याने विचारलं, "काय केलंस आज?"

"मला बसवलं."

दुसऱ्या दिवशीही तेच. "बसवलं." कुठे? "आत." कुणी? "बाईंनी."

कुलूपवाल्याचं डोकं फिरलं. शाळेत दंगा करणाऱ्याला कोपऱ्यात बसवत, ते तो विसरला नव्हता. "बघ, लोकांना दाखवायला नेलंय पोरीला, आणि आत कोंडून बसवतात!" तो बायकोवर खेकसला.

"हसत घरी येते ती," बायको म्हणाली.

"तिला हसायला कारण लागतं होय?"

तिसऱ्या दिवसापासून तो दुपारी दुकान बंद करून लॉन्ड्रीसमोरच्या खांबाआड उभा राहू लागला, टोपी भुवयांपर्यंत ओढून. काचेवर वाफ धरलेली. आत नुसतं पांढरं पांढरं हलताना दिसे. जितकं कमी दिसे तितकी शंका वाढे. शेवटी त्याने ठरवलं, पोरीला उचलून घरी न्यायचं ते कायमचं. खिडकीत उभी राहिली तर राहू दे. तो तरातरा रस्ता ओलांडून गेला.

दारातच इस्त्रीवाल्याने त्याची कॉलर धरली. हा दांडगा माणूस! "सापडला, बाई! रोज खांबाआड असतो तो हाच!"

टोपी खाली पडली. मालकीणबाई बघतच राहिली. "अहो, तुम्ही? पोरगी रोज सांगत होती, बाहेर कुणीतरी बघतंय, ते बाबा आहेत म्हणून. मला वाटलं, बापाचं नाव सांगून कुणी तिला भुलवतंय. माझा नाही बाई कुणावर विश्वास."

कुलूपवाला भडकला. "आणि तुम्ही हिला दिवसभर बसवून का ठेवता?"

"बसवून? अहो, घडीवर बसवलंय तिला! माझ्याकडचं सगळ्यात अवघड काम. पाय दुखले तरी बसत नाही ती."

लांबलचक टेबलापाशी पोरगी उभी होती. समोर शुभ्र चादर, टोकाला टोक. कुलूपवाल्याचे डोळे भरून आले आणि त्याची त्याला लाजही वाटली.

"बाप आहे ना मी तुझा?" तो कसाबसा म्हणाला. "मलाच धरून दिलंस?"

"ओळखीचा असला तरी सांगायचं," ती म्हणाली, आणि तळहाताने चादरीवरची सुरकुती सारली. "जा आता, बाबा. मला काम आहे."

गोगलगाय आणि पोटात पाय! तो पडलेली टोपी उचलून डोक्यावर ठेवत बाहेर पडला. मागे दार लागलं. सवयीने त्याने ते ओढून बघितलं, चार पावलं गेला आणि पाय आपोआप मागे वळले.

काचेवरची वाफ एका जागी हाताने पुसलेली होती. तिथून लेक त्याच्याकडेच बघत होती, आणि मालकीणबाईंना हाक मारायला तिने तोंड उघडलं होतं.

कुलूपवाल्याने टोपी सरळ केली आणि दाराला हात न लावता तो दुकानाकडे चालू लागला.