आयुधपूजेच्या दिवशीची गोळी

बन्नीमंटपाजवळ शरतचं टेलरिंगचं दुकान, म्हणजे घराचीच पुढची खोली. ब्लाउज असे बसवतो की पार नंजनगूडहून बायका बसने येतात आणि वर त्याची बडबड ऐकून हसत जातात. अख्ख्या गल्लीत इतकं बोलणारं माणूस नाही. पण एक गोष्ट त्यानं आईला, मालतीबाईंना, सांगितलीच नव्हती.

दसऱ्याच्या थोडं आधी त्याला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, तपासणीत एचआयव्ही निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लागण अगदी ताजी आहे, लवकर कळलं ते बरं झालं, गोळी आजच सुरू करू. एकाच गोळीत तीन औषधं. रोज संध्याकाळी घ्यायची, जन्मभर, मग व्हायरस दबून राहतो आणि माणूस आरामात म्हातारा होतो. फक्त चुकवायची नाही. शरतनं ते डोक्यात पक्कं बसवलं आणि डबी लपवली मशीनच्या ड्रॉवरमध्ये. दोऱ्यांच्या त्या गुंत्यात आई कधीच हात घालत नाही ना.

आणि आयुधपूजा आली, हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. सकाळी तो कपडे पोचवून परत येतो तर काय, दारात कोहळा फोडलेला, मशीनला हळदकुंकू, शेवंतीची जाड माळ ड्रॉवरवरून आडवी गुंडाळलेली. आता उद्या माळ उतरेपर्यंत मशीनला कुणी बोट लावायचं नाही, आजोबांपासूनचा नियम. गोळी आत आणि शरत बाहेर!

आई देवळात जाईल म्हणून तो वाट बघत बसला. आई कुठली जातेय, गुडघे दुखतात म्हणून मशीनसमोरच बसून येईल त्याला चुरमुरे देत होती. संध्याकाळ झाली. शेवटी त्यानं हात पुढे केलाच.

"मुट्टबेड, शरत. उद्यापर्यंत हात नाही लावायचा."

"आई, आत माझं औषध आहे."

"कसलं रे?"

मग त्यानं सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून, एका दमात, अर्धं कन्नडमध्ये, कारण मराठीत शब्दच फुटेनात. मालतीबाईंनी चुरमुऱ्यांचं पातेलं झाकून ठेवलं.

"ताट वेगळं ठेवायचं का तुझं?"

"नाही ग. जेवण्याखाण्यानं नाही लागत."

"मग मला कशाला वेगळं ठेवलंस इतके दिवस?"



गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या, मशीनला हात जोडले, माळ बाजूला सारली आणि ड्रॉवर स्वतः ओढला. डबी काढून पदराला पुसली.

"मशीनच्या तेलाच्या बाटलीजवळ औषध ठेवतात होय, माकडा," म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.