खवणेकरांचा गोल्फ आणि आमटीचा डाव

खवणेकरांच्या पाठीत डॉक्टरांनी लोखंडी सळई बसवली आहे आणि म्हणूनच ते जवळून गेले की रेडिओ खरखरतो, ही बातमी वाशीच्या त्या सिडकोच्या इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचायला एक दुपार पुरली. पोचवणाऱ्या अर्थातच दुसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाई. खरं एवढंच होतं, की त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात जयप्रकाश खवणेकरांच्या कमरेतली मणक्याची गादी सरकली आणि ऑपरेशन करून ती काढावी लागली. सळई सोडा, आत टाचणीसुद्धा राहिली नव्हती. रेडिओ मालतीबाईंचा होता आणि तो घेतल्या दिवसापासूनच खरखरत होता.

खवणेकर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात हेडक्लार्क. साहेब शिंकले की हे रुमाल शोधायचे. साहेब मोसंब्यांची पिशवी घेऊन आजाऱ्याला बघायला आले आणि जाता जाता म्हणाले, "खवणेकर, पाठीला गोल्फसारखं औषध नाही." झालं! डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाला, वजन उचलू नका, जमेल तसं हळूहळू वाकायला लागा. तो कागद गेला उशीखाली आणि साहेबांचं वाक्य गेलं डोक्यात. पुढे साहेबांची बडोद्याला बदली झाली. जाताना तीन जुन्या काठ्या आणि डझनभर बॉल ते खवणेकरांच्या गळ्यात मारून गेले. खवणेकरांनी ते प्रसादासारखे घरी आणले.

आता गोल्फ खेळायचा कुठे? तर इमारतीच्या मागेच, खाडीच्या अंगाला भराव घातलेली पडीक जमीन होती, तिथे. शेळ्या चरायच्या, बाभळी माजल्या होत्या. खवणेकरांनी तिथे डालड्याचा रिकामा डबा जमिनीत पुरला, त्याला 'होल' म्हणायला लागले आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी चौकटीची पँट, पांढरी टोपी आणि खडू फासलेले कॅनव्हासचे बूट अशा थाटात उतरले. पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्याला मातीचं ढेकूळ उडालं. तिसरा बॉल थेट खाडीत. पाटी घेऊन निघालेली वाशीगावची सखू कोळीण थांबली.

"सायेब, बॉल पान्यान गेला. आता चिंबोऱ्या खेलतील!"

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण वैशालीचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलं. बैठकीत सगळे सतरंजीवर आणि खवणेकर एकटे खुर्चीवर. साताऱ्याकडचे व्याही मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला मांडी घालून बसणं जमायचं नाही. मग जावयाचे पाय धुणं, कन्यादान, सगळं मुलीच्या मामांनी करावं. रीत मोडायला नको." मामा, म्हणजे खवणेकरांच्या पत्नी सुनीतीबाई यांचे बंधू नंदकुमार, लगेच सोवळं कुठल्या रंगाचं ते विचारू लागले.

खवणेकरांच्या कानशिलाची शीर उडाली. "माझ्या मुलीचा हात मीच देणार."

असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोल्फला गेले. याला काय म्हणावं?

"मांडी घालायची सवय करायची, तर हे दांडू फिरवतायत," मालतीबाई गॅलरीत म्हणाल्या आणि नवऱ्याने, शिवरामरावांनी, आंघोळीनंतर जमिनीवर टाकलेला टॉवेल त्यांनी स्वतः वाकून उचलला.

डब्यातला बॉल काढायचा कोणी? खवणेकर काठीवर रेलून उभे आणि सुनीतीबाई पदर खोचून वाकलेल्या. "खेळ त्यांचा आणि उठाबशा तुमच्या!" मालतीबाईंनी वरून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सुनीतीबाई आल्या नाहीत. मग खवणेकरांनी जळमटं काढायच्या बांबूला आमटीचा डाव बांधला आणि हेडक्लार्कची सगळी अक्कल लावून बॉल वाढून घेऊ लागले.

दसऱ्याला तर कहरच. लोकांनी स्कूटर पुजली, शिलाई मशीन पुजलं. खवणेकरांनी तीन काठ्या पाटावर मांडून त्यांना झेंडू वाहिले. "पोट भरणाऱ्या हत्यारांची पूजा ऐकली होती," मालतीबाई म्हणाल्या, "काचा फोडणाऱ्यांची नव्हती." त्याच दुपारी पंगत बसायची वेळ आली तरी डाव सापडेना. सुनीतीबाई तरातरा भरावावर गेल्या.

"आमटी काय करंगळीने वाढू?"

बांबूला बांधलेला डाव सोडवून घेऊन त्या निघूनही गेल्या. बॉल डब्यात. आसपास शेळ्यांखेरीज कोणी नाही. खवणेकरांनी काठी रोवली, एक पाय मागे सोडला आणि म्हाताऱ्या बगळ्यासारखे खाली खाली जात राहिले. तोंडातून कण्हणं, कपाळावर घाम. पण बोटं डब्यात पोचली. बॉल घेऊन वर आले, तेव्हा साहेबाची बढती आपल्यालाच मिळाल्यासारखा चेहरा झाला होता.

त्यानंतर त्यांचा गोल्फ आणखीच वाईट झाला. वीतभर मारायचा आणि वाकून उचलायचा. पुढे पुढे तर डब्याशेजारी बसायचे आणि काठी धरून उठायचे. इमारतीत एकमत झालं, की एवढा रटाळ गोल्फ आजवर कोणी खेळला नसेल.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात लग्न. खवणेकर मंडपात आले ते गोल्फची काठी घेऊनच, वर तिला लाल गोंडा. "ही कशाला?" भटजींनी विचारलं. "अनुभवी आहे," खवणेकर म्हणाले. नवरीकडे कोणी बघेना, सगळ्यांचे डोळे खवणेकरांच्या कमरेवर. मागे मामा धोतर सावरून बाराव्या खेळाडूसारखे तयार. खवणेकर काठीवर भार देत पाटावर टेकले. मांडी पुरती बसली नाही, एक गुडघा वरच राहिला. सुनीतीबाईंनी झारीने पाणी घातलं, यांनी वाकून जावयाचे पाय धुतले, मग वैशालीचा हात त्याच्या हातात दिला. उठताना पाट सरकला, मामा पुढे झाले. काठी रोवली गेली आणि खवणेकर उभे राहिले. मामांनी सावरून धरलेला धोतराचा सोगा हातातून सोडला.

इतपत ठीक होतं. पण माणूस तिथे थांबला नाही. जेवणाच्या वेळी व्याह्यांना पकडून काठीचा स्विंग कसा घ्यावा हे जिलबीच्या ताटावरून समजावू लागला. मालतीबाईंना राहवलं नाही.

"भाऊजी, दोन वर्षं ऊन खाल्लंत, साहेबाचा खेळ खेळलात. आणि शिकलात काय? खाली वाकायला!"

खवणेकरांनी जिलबी संपवली.

"मालतीबाई, माझ्या पाठीला सुरी लागली तरी मी वाकायला शिकलो. तुमच्या शिवरामरावांची पाठ धडधाकट आहे, पण स्वतःचा टॉवेल उचलताना मी त्यांना अजून पाहिलेलं नाही."