चेंडू आत गेला म्हणे

बसड्रायव्हरच्या घरातल्या टीव्हीचा आवाज कधीच गेला होता आणि त्याने तो दुरुस्तही करून घेतला नव्हता. खेळ डोळ्यांनी बघायचा असतो, कानांनी नाही, असं त्याचं म्हणणं. ड्युटीवरून आला की बूट काढायच्या आधी व्हिडिओत कॅसेट सरकवायचा. बास्केटबॉलचे जुने अंतिम सामने, कधीकाळी टीव्हीवरून टेप केलेले. निकाल तोंडपाठ, तरी गडी खुर्चीच्या कडेवर. बायको शिलाई मशीनवरून मान न वळवता विचारायची, "अहो, कालच जिंकले ना ते? मग आज परत का पळतायत?"

मग साखरेने डाव साधला. दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले. ऑपरेशनं झाली, पट्ट्या निघाल्या, तरी समोर नुसतं राखाडी. डॉक्टरांनी तपासलं आणि बायकोला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. हा आत स्टुलावर बसून राहिला. ती परत आली आणि म्हणाली, "हळूहळू येईल म्हणाले. धीर धरा."

त्या एका वाक्यावर तो तग धरून होता. सकाळी उठला की खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि बोटं डोळ्यांसमोर हलवायचा. बोटं हलतायत हे हाताला कळायचं, डोळ्यांना नाही. स्टिअरिंग सोडून दुसरं काही त्याला येत नव्हतं. आंधळ्या ड्रायव्हरचं काय होतं, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं. भीतीने घास घशाखाली उतरत नसे.

दुपारी बायको शिवण बाजूला ठेवायची, कॅसेट लावायची आणि त्याला सामना सांगायची. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"पिवळा पळतोय. त्या लांबड्याने त्याला अडवलं. आता पट्टेवाल्याने शिट्टी वाजवली."

"पट्टेवाला नाही गं, रेफरी."

"पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलाय त्याने. मग काय म्हणू?"

ऑफिसातला पट्टेवाला चहाचे कप खाली ठेवून शिट्ट्या फुंकत सुटलाय, असं काहीतरी मनात येऊन तो हसायचा. तेवढ्यापुरती भीती मागे सरायची.

एके दिवशी तो म्हणाला, "आज तळातली लाव. जिच्यावर काही लिहिलेलं नाही, ती."

त्या सामन्यात पिवळे, म्हणजे त्याचे लाडके, हिरव्यांकडून एका गुणाने हरले होते. शेवटचा चेंडू रिंगवर गोल फिरून बाहेर पडला होता. तरी ही कॅसेट त्याने बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पाहिली होती. दर वेळी वाटायचं, या खेपेला जाईल आत. हे खूळ त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं; तिनेही कधी मान वळवून हा सामना पाहिला नव्हता.

आज ती पाहत होती. शेवट जवळ आला तशी तीही पुढे सरकली. "पिवळ्याने टाकला. रिंगवर फिरतोय, फिरतोय..." ती थांबली. त्याने चादर मुठीत आवळून धरली होती.

"गेला," ती म्हणाली. "आत गेला."

त्याने मान तिच्याकडे वळवली.

"नीट बघितलंस?"

"बघितलं ना. सगळे नाचतायत."

नाचत होते हे खरंच. पण ते हिरवे.

हरलेला सामना कोण जपून ठेवतं, असं तिला वाटलं असणार. त्याची मूठ पाहिली आणि तिने चेंडू आत ढकलून दिला. आवाज जराही हलला नव्हता. हाच आवाज त्याने दवाखान्यात ऐकला होता.

"डॉक्टर काय म्हणाले होते गं? परत सांग."

"किती वेळा तेच विचाराल? हळूहळू येईल म्हणाले."

आता त्याला रडू आवरेना. तरी तो कसाबसा म्हणाला, "कॅसेट मागे घे. आणि या वेळी दिसेल तेच सांग."

व्हिडिओची घरघर झाली आणि थांबली. मग त्याच्या मुठीवर तिचा हात आला, सुया टोचून टोचून खरखरीत झालेला.

"रिंगवर फिरतोय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "बाहेर आला हो. बाहेरच आला."