चिकटलेला खंडोबा

आमच्या कोरेगावच्या देव्हाऱ्यातला पितळी खंडोबा सारखा घोड्यासकट आडवा व्हायचा. फौजेतून रिटायर झालेल्या माझ्या वडिलांना असला बेशिस्त देव खपेना. त्यांनी तो इपॉक्सीनं जागेवरच चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओरडली, "आवं, आता देवाला आंघोळ कशी घालू? अख्खा देव्हारा ताम्हनात ठेवू?"

सुरीनं नुसते ओरखडे उठले. शेवटी मी घोड्याच्या पायांवर माझा हेअर ड्रायर धरला. इपॉक्सी मऊ पडलं, पातं आत शिरलं आणि देव सुटला. एका खुराखाली टणक गोळा तेवढा राहिला. देव जागेवर उभा करून बघितला आणि गोळा खरवडायला परत उचलायला गेले, तर आईनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे गं. त्येच्यामुळंच सरळ उभा ऱ्हायलाय."

वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग मी काय केलं हुतं?"