लग्नाला जायला आवडतं का?

मानसशास्त्रात एम.ए. करणारी आमच्या गास गावातली मी पहिलीच. माणसाचा स्वभाव मोजण्याची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणून गावकऱ्यांना विचारायची, असं काम आमच्या प्राध्यापक बाईंनी मला दिलं. त्यांच्या आधारानेच मी तिथवर पोचले होते, म्हणून जीव ओतून भाषांतर केलं. 'पार्टीला जायला आवडतं का?' इथे मात्र अडले. गावात पार्ट्या कुठल्या? मी लिहिलं, 'लग्नाला जायला आवडतं का?'

पहिल्यांदा बाबांना विचारलं. आई जाऊन वर्ष झालं होतं, घरात आम्ही दोघंच. मला नागपूरच्या एका कॉलेजात नोकरी मिळत होती. मी गेल्यावर बाबांचं कसं होईल, हे मला कुठून तरी कळायला हवं होतं.

"आवडायचं काय त्यात?" बाबा म्हणाले. "आमंत्रण आलं की घरटी एकाने तरी जायचं."

"मग 'हो' लिहू?"

"मार्क कशाला जास्त आहेत? ते लिही."

"बाबा, ही माझी परीक्षा नाही!"

"कागद तर तुझ्याच कॉलेजचा आहे ना?"

'हो' लिहिलं. हिशेबात बाबा माणसांत रमणारे निघाले. शेजारपाजारचे सगळेच तसे निघाले. "तुझं अख्खं गावच हौशी दिसतंय गं," बाई हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

पुढच्याच रविवारी गावात लग्न होतं. बाबा सकाळीच स्वयंपाकाला मदत करायला गेले होते. संध्याकाळी मी गेले, तर मांडवात ते दिसेनात. मागे चुलीपाशी एका ओंडक्यावर एकटेच बसले होते. भांडी केव्हाच उतरली होती. विस्तव विझत आला होता.

"काम संपलं ना बाबा? मग इथे काय करताय?"

"लवकर घरी जाऊन तरी काय करू? इथे माणसांचा आवाज येतो."

मी शेजारी बसले. मांडवात बँड वाजत होता. त्यांनीच विचारलं, "नागपूरला कळवलंस?"

"नाही अजून."

"कळव. एवढं शिकलीस ती माझ्याजवळ बसायला नाही."

मी गेले. नागपुरात माझ्या खोलीवर आमंत्रणं फारशी येत नसत. एखादं आलं की मी नक्की जायची, आणि जेवणं उरकली तरी लवकर उठायची नाही.