टार्नी क्रीकच्या वेशीवरची पाटी

आमच्या गावाच्या वेशीवरची पाटी मी रंगवली आणि रंगवायची घाईही मीच केली. माझी बायको व्हेरा गेली तीन वर्षं जेवताना मला हे ऐकवत आलीय, तेव्हा आधीच कबूल केलेलं बरं.

मी नेस्टर. टार्नी क्रीकच्या आइस हॉकीच्या रिंकचं बर्फ एकतीस हिवाळे मीच सांभाळतोय. टॅरस डुडार सात वर्षांचा असताना पहिल्यांदा गोलात उभा राहिला, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. पायांची पॅडं त्याच्या कमरेपर्यंत यायची. पडला की आपलं आपण उठता येत नसे, मग त्याची आई स्टेफा रिंकभोवतीच्या काचेवर धपाधप मारून ओरडायची, "ऊठ रे, टॅरस! ऊठ, झोपायला घरी जायचंय!"

अठराव्या वर्षी तो पगारावर खेळायला लागला. चौदा वर्षांत नऊ संघ झाले, सगळे मोठ्या लीगच्या एक नाहीतर दोन पायऱ्या खाली. एका गावात खेळायचं, बसमध्ये खालीच पथारी टाकून झोपायचं आणि सकाळी दुसऱ्या गावात डोळे उघडायचे. मला फोन करायचा. "काका, इथलं बर्फ म्हणजे नुसता रेंदा. तुम्ही असता तर शिव्या घातल्या असत्या." पुढचे दोन दात गेले, डावा गुडघा गेला, लग्न ठरलेली मुलगीही वाट बघून बघून गेली. दर सप्टेंबरला त्याच्या हाताखाली एखादा नवा गोली, म्हणजे गोलरक्षक, यायचा. टॅरस त्याला मन लावून शिकवायचा आणि तो वर जायचा. असे चौघे त्यानं वर पाठवले. स्वतःसाठी त्याला एकच सामना हवा होता. मोठ्या लीगमध्ये एक सामना, मग भले सहा गोल बसोत.

तो बत्तीस वर्षांचा असताना फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी वरच्या संघाचा दुसरा, राखीव गोली तापानं आडवा झाला आणि टॅरसला बोलावणं आलं. स्टेफा पिठाच्या हातांनीच रिंकवर धावत आली. "बोलावलं! माझ्या पोराला बोलावलं!" एवढंच म्हणत तिनं माझ्या कोटाला पीठ फासलं.

आमच्याकडे रीत आहे. गावचं पोर मोठ्या लीगमध्ये खेळलं की हमरस्त्याच्या कडेला त्याच्या नावाची पाटी लागते. शेजारच्या वेक्सलीच्या पाटीवर दोन नावं आहेत आणि वेक्सलीवाले ती आम्हाला विसरू देत नाहीत. मी त्याच दुपारी शेडमध्ये हीटर लावून बसलो. "टार्नी क्रीक. मोठ्या लीगचा खेळाडू टॅरस डुडार याचं गाव."

व्हेरा म्हणाली, "अरे, आधी खेळू तर दे त्याला."

"संघात नाव आहे ना? मग झालं तर!"

उणे तीस थंडीत, अंधार पडायच्या आत, पाटी चार बोल्टांवर उभी राहिली.

सामना पडद्यावर बघायला गाव रिंकच्या हॉलमध्ये जमलं. नवा खेळाडू सामन्याआधी पहिल्यांदा बर्फावर उतरतो तेव्हा बाकीचे मुद्दाम दारातच थांबतात आणि त्याला एकट्याला फेरी मारू देतात. टॅरसनं ती फेरी मारली. एवढ्या मोठ्या बर्फावर आमचा एकटा टॅरस! मी रडलो, सांगायला लाज कसली. मग तो टोपी घालून बाकाच्या टोकाला बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या खेळाडूंसाठी दार उघडत राहिला.

शेवटची आठ मिनिटं उरली असताना त्यांच्या मुख्य गोलीच्या, हेन्रिक्सनच्या, गुडघ्यावर कुणीतरी आदळलं. तो पडला तो उठेचना. टॅरसनं टोपी काढली, मास्क चढवला. हॉलमध्ये आम्ही सगळे उभे राहिलो.

मग हेन्रिक्सन उठला. टॅरसनं मास्क काढून पुन्हा टोपी घातली. दोन दिवसांनी दुसऱ्या गोलीचा ताप उतरला आणि टॅरस परत बसमध्ये जाऊन बसला.

नियम असा की गोली बाकावरच बसून राहिला, तर तो खेळला असं धरत नाहीत. हे आम्हाला सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वेक्सलीहून फोन करून कळवण्यात आलं. "पाटीवर लिहा की, दार छान उघडतो!" मी फोन आपटला, पण पाटी उतरवली नाही. हट्ट, दुसरं काय.

गेल्या वर्षी टॅरसनं खेळणं सोडलं, गावी आला, धान्याच्या कोठारावर कामाला लागला. त्याच्यासमोर पाटीचं नाव कुणी काढत नसे. यंदा एप्रिलमध्ये बर्फ वितळत असताना त्याची गाडी मागच्या कच्च्या रस्त्यावर चाकं बुडेपर्यंत रुतली. मी ट्रॅक्टर घेऊन गेलो.

"हमरस्ता सोडून इकडे कशाला मरायला आलास?"

तो चाकाभोवतीचा चिखल उपसत राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाटी दिसू नये म्हणून हा गडी वर्षभर रोज अकरा मैलांचा वळसा घालत होता.

"काका, ती पाटी उतरवा."

"कमिटीला विचारावं लागेल," मी म्हणालो. कमिटी म्हणजे मी आणि व्हेरा.

आठवडाभर मी फुगून बसलो. मग शिडी आणि पांढरा रंग घेऊन एकटाच वेशीवर गेलो. कच्चा रस्ता पाण्याखाली गेला होता, म्हणून टॅरस नेमका हमरस्त्यानं आला. गाडी थांबवून खाली उतरला आणि शिडी धरली.

"माझंच चुकलं," मी वरून म्हणालो. "खोटं लिहिलं आणि तुला लाज आणली."

"त्याची लाज नाही वाटत, काका." तो खाली बघत होता. "हेन्रिक्सन पडला ना, तेव्हा मी देवाला म्हणालो, हा उठू नये. चांगला माणूस होता हो. त्या दिवशी स्वतःचे मोजे दिले होते मला. आणि तो उठला तर मला वाईट वाटलं. पाटी दिसली की तेच आठवतं."

मी ब्रश डब्यात ठेवला आणि खाली उतरलो. हे ओझं पोरगा तीन वर्षं एकटा वाहत होता, आणि मी आपला कमिटीच्या थापा मारत होतो.

"टॅरस, तू एकटा म्हणालास असं वाटतं तुला? अरे, हॉलमध्ये एकशे नव्वद माणसं होती. पाद्री होते. एकानंही 'ऊठ' म्हटलं नाही. मी तर मुठी आवळून उभा होतो. आणि तुझी आई! भर हॉलमध्ये पडद्याला हात लावून म्हणाली, 'झोप रे बाळा, झोपून राहा, उठू नकोस.'"

"आई असं म्हणाली?"

"सगळ्या गावानं ऐकलंय. विचार जा."

त्यानं शिडी सोडली. मग रस्त्याच्या कडेला ओल्या गवतात बसला आणि हसायला लागला, पुढचे दात नसलेलं तोंड उघडून. हसता हसता कधी रडायला लागला ते मला कळलं नाही. मी शेजारी बसलो. माझी पँट भिजली.

मग "मोठ्या लीगचा खेळाडू" एवढेच शब्द मी पांढरे केले. उरलं ते "टार्नी क्रीक. टॅरस डुडार याचं गाव." ते त्याला चाललं.

त्याची गाडी पाटीसमोरून सरळ गावात गेली. मी सामान आवरून स्टेफाच्या घरापर्यंत पोचलो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा आवाज येत होता.

"हो, म्हणाले मी! शंभरदा म्हणाले! आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्या हेन्रिक्सनच्या गुडघ्यासाठी मेणबत्तीही लावली. आता हात धू आणि जेवायला बस."