पिठाखालचं पुस्तक

सून म्हणते, "आत्याबाई, तुमचं आयुष्य लिहून काढा." म्हणून कागद घेऊन बसले, तर आतून ज्वारीच्या पिठाचा वास आला आणि मी युसूफ वडगावातल्या आमच्या चुलीपाशी जाऊन पोचले.

निजामाचं राज्य होतं. नगरकडून, इंग्रजी हद्दीतून आलेलं मराठी पुस्तक घरात सापडलं, तर वडिलांना ठाण्यावर नेतील अशी धास्ती असायची. आमचं पुस्तक नुसतं राजकन्येच्या गोष्टीचं. आई मला ते वाचून दाखवत होती, तेवढ्यात दारात शिपाई आला. तिनं पुस्तक पिठाच्या टोपलीत खुपसलं.

"भूक लई लागली हाय. भाकर देता का, बाई?" म्हणत तो उंबऱ्यातच बसला.

आई थापत राहिली. दर भाकरीला टोपलीतलं पीठ खाली जात होतं. शेवटी पुस्तकाचा तांबडा कोपरा उघडा पडला. आणि आईनं, जेवणाऱ्याला विचारायची रीत म्हणून, विचारलं, "आनखी वाढू का?"

त्यानं टोपलीकडं पाहिलं. "न्हाई, बास झालं," म्हणून तो गेला. त्याला काय दिसलं, ते मला आजही माहीत नाही.

आत्ता दार वाजलं. दूधवाला होता. पण माझा हात आधी कागदावर पालथा पडला.